गेटावरचा निरंक

...आणि वर मलाच सांगतो, "दामू, निरंक जरा ठळक काढ, रस्त्यावरनं वाचता आलं पायजे." आता मी पेंटर माणूस, टेमघरात वीस वर्षं दुकान, आणि मला ठळक काढायला शिकवतोय कोण, तर हा केसरीनाथ, डाइंग कंपनीचा सुपरवायजर, माझा सख्खा चुलतभाऊ! तुम्हाला सांगतो, भोपाळ झालं आणि मग वरनं हुकूम आला का ज्या कंपनीत विषारी गॅस हाय तिनं गेटावर बोर्ड लावायचा, मराठीत, दर महिन्याला, गॅस कुठला, हवेत किती सुटला. चांगलं हाय. पण आकडा द्यायचा कोणी? कंपनीनं. म्हणजे मांजरीलाच विचारायचं, बाई, दूध किती प्यालीस? केसरीनाथ चिठ्ठी द्यायचा, मी उतरवायचो. जून, क्लोरीन, निरंक. जुलै, निरंक. आमच्या अंगणातल्या शेवग्याची पानं पांढरी पडली, तरी निरंक. बावीस महिने काढलं. म्हटलं माझं काय जातंय, पेंटरनं वाचायचं नसतं, काढायचं असतं.

मग आला चैत्रातला तो शुक्रवार. कंपनीत लाईट गेली, पंप बंद, आणि गॅसचा कुठला तरी व्हॉल राहिला उघडा. शेवंता, माझी बायको, अंगणात सुकट वाळत घालत होती, ती खोकत खोकत खालीच बसली. आठ दिवस दवाखान्यात. जीव वाचला, पण आवाज गेला, आणि कुणाचा आवाज? धवलारणीचा! आमच्यात धवलारीण गायल्याबिगर लग्न पुढं सरकत न्हाय, ह्या केसरीनाथालासुद्धा तिनंच गाऊन बोहल्यावर चढवला. आता मला चहाला हाक मारते, तर चाळणीतनं पीठ पडावं तेवढं ऐकू येतं. रडू येतं मला, खोटं कशाला बोलू.

आणि ती घरी आली त्याच दिवशी हा चिठ्ठी घेऊन हजर. काय होतं चिठ्ठीत? निरंक! मी म्हटलं, "केसरी, तुझ्या वहिनीचा गळा गेला." तर म्हणतो, "वाईट वाटतं रे, पण बोर्डावर वहिनीचा रकाना कुठाय?"

रकाना न्हाय? म्हटलं थांब, आखतो.

काढला बोर्ड. 'क्लोरीन. किती सुटला : मोजला न्हाय. कुठं गेला : शेवंता धवलारणीच्या गळ्यात. कोण लपवतो : केसरीनाथ.' लाल ऑइलपेंट, वर वार्निशचे दोन हात. पण एवढ्यावर माझा जीव निवतोय व्हय? कंपनीचा टेम्पो रंगवायला माझ्याकडंच पडला होता, त्याच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज'च्या खाली सगळा रिपोर्ट परत काढला. ड्रायव्हरला मराठी वाचता येत न्हाय. चार दिवस फिरला टेम्पो, कामतघर, दापोडे, सगळी गोदामं... हमाल वाचतायत, लूमवाले शिफ्ट सुटल्यावर एकमेकाला विचारतायत, "अरे पढ ना, किसका गला गया?" आणि ड्रायव्हरला वाटतंय लोक आपल्यालाच हात करतायत, तो पण हात हलवतोय! इकडं केसरीनाथ गेटावर थिनर घेऊन घासतोय. घास म्हटलं, बोटांची सालं निघतील, अक्षर निघणार न्हाय. शेवंताला मुद्दाम रिक्षात घालून नेली, दाखवलं. हसली. आवाज आला न्हाय, पण हसली.

मग काय, कंपनीनं पोलिसात दिलं. मालमत्तेचं नुकसान. बघा, गॅस मोजायला बावीस महिन्यांत कोणी आला न्हाय, पण बोर्ड? पंचनाम्यात इंचात मोजला. मी चौकीत उभा, हवालदार कागद भरतोय. नाव, दामू. धंदा, पेंटर. "ह्याच्या आधीचे गुन्हे?" असं विचारतो, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच लिहून मोकळा... निरंक.

म्हटलं, साहेब, ते खोडा. बावीस हायत. गेटावर, ठळक अक्षरात, माझ्याच हातचे.