झापांखालचं विमान

तुम्ही हसाल, पण आमच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आम्ही एकदा विमान शाकारलं होतं!

ऐन आषाढ होता. ढगांत मुंबई सापडेना, म्हणून टपालाचं विमान आमच्या वाळूवर उतरलं. आत एकटाच पारशी बावाजी. मागून भरती चढत होती. गोमा तांडेलानं हाक दिली आणि सगळा कोळीवाडा दोराला लागला. मीही लागलो.

"हळू! पंख मोडेल!" बावाजी किंचाळत होता. लाटा चाकांना लागल्या, तोवर विमान माडांत पोचलंसुद्धा. मग सवयीनं आम्ही पावसाळ्यात होडीवर घालतात तसे त्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घातले.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मुंबईहून दुसरं विमान शोधायला आलं आणि वर घिरट्या घालून परत गेलं. झापांखालचं त्याला काय दिसणार?

"काढा ते झाप! मला जायचंय!"

"न्हाय," गोमा म्हणाला. "वर घेतलेली होरी नारली पुनवेशिवाय सोरत न्हाय."

"अरे, तिला महिना आहे!"

"मंग ऱ्हा म्हयनाभर."

बावाजी रडकुंडीला आला. शेवटी गोमाच्या बायकोनं त्याच्या हातात नारळ ठेवला. "घे बावा, तुजी पुनव आज."

बावाजीनं गुडघाभर पाण्यात शिरून दर्याला नारळ वाहिला. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून विमान सुटलं आणि आमच्या डोक्यावर पंख हलवून गेलं.

त्या पावसात रेवसची लाँच बंद, होड्या बंद. मुंबईला गेलं ते फक्त आमचं विमान!