विहिरीवर कोण आलं नाही?

भगिनींनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. रडू येतं म्हणून नव्हे, राग येतो म्हणून. पण यमुनाताई गेल्या, आणि त्यांच्यासाठी तुम्ही एवढ्या जणी जमलात, तेव्हा बोलतेच.

मी आता कळव्याला असते. पण लग्न होऊन डोंबिवलीत आले ती याच आळीत, आणि ह्यांची बदली होईपर्यंत इथेच होते. तेव्हा नळ नव्हते. देवळामागची विहीर होती. उन्हं कलली की साऱ्या जणी तिथे. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या भावाला नोकरी लागली, सगळं त्या काठावर कळायचं. त्या विहिरीला आपण माहेर म्हणायचो. म्हणायचो की नाही?

आणि यमुनाताईंचा दंडक आठवतो ना? जी बाई आली नाही, तिच्यासाठी एक कळशी भरायची, तिच्या दारात नेऊन ठेवायची आणि हाक मारायची. तिने आतून ओ दिल्याशिवाय हलायचं नाही.

मी नवी होते तेव्हा एकदा सासूबाईंशी खटका उडाला आणि मी पाण्याला गेलेच नाही. खोलीत तोंड लपवून बसले. दारात कळशी टेकली, हाक आली. पुन्हा हाक. शेवटी रडत रडत ओ दिली. तर यमुनाताई सासूबाईंना म्हणाल्या, "सून रडते आहे. आधी तिला चहा द्या, मग भांडा." आणि सासूबाईंनी मुकाट्याने आधण ठेवलं.

आता थोडं कडू बोलते. यमुनाताई विधवा. हळदीकुंकवाला आपण त्यांना कधी बोलावलं? डोहाळजेवणाला? नाही बोलावलं. चार बायकांत उभं राहायला त्यांना जागा होती ती एकच, विहिरीचा काठ. मग नळ आले. नळ आले याचं मला वाईट वाटत नाही. कळशा वाहून माझीही कंबर मोडली आहे. पण तुम्ही साऱ्या घरात गेलात आणि काठावर यमुनाताई एकट्या उरल्या. घरमालकांनी त्यांच्या मागच्या खोलीला नळ दिलाच नाही. एकट्या बाईला कशाला, म्हणाले. तुमच्यापैकी कोण भांडलं त्यांच्याशी?

मग त्यांना ताप आला. विहिरीवर त्या दिसेनाशा झाल्या. पण दिसत नाहीत, हे बघायला तिथे होतं कोण? त्यांचा भाचा मोहने गावच्या कारखान्यात कामाला आहे. तो सुट्टीच्या दिवशी भेटायला आला, त्याने दार ढकललं. अंत्यविधीनंतर मला म्हणाला, "काकू, घरात घोटभर पाणी नव्हतं हो."

भिंतीपलीकडे नळ होता. भिंतीपलीकडे!

मघाशी कुणीतरी म्हणालं, यमुनाताई कुणाला त्रास न देता गेल्या. कसा देणार त्रास? घ्यायला कोण होतं?

ही कळव्याला राहते, हिला बोलायला काय जातं, असं काही जणींच्या मनात येत असेल. येऊ दे. माझ्या दारात कळशी आली होती, मी बोलणार.

आता उभं राहून शांतता पाळायची आहे. त्यांच्या दारापुढे ती आपण बरीच पाळली. तरी रीत आहे, पाळा. फक्त एक विचारते. मागच्या चाळीतल्या गोदाक्का इथे दिसत नाहीत. त्यांनाही मागेपुढे कुणी नाही. त्या का आल्या नाहीत, कुणाला ठाऊक आहे?

नाही ना?

मग तुम्ही उभ्या राहा. मी तोवर गोदाक्कांच्या दाराशी जाऊन येते. यमुनाताई, माझा नमस्कार.