गवसणीतला कॉम्प्युटर

पनवेलच्या एसटी स्टँडवर कुमुदताई आपटा गावाच्या गाडीसाठी रांगेत उभ्या होत्या. पुढेच पत्रिका काढून देणारे अवधूतराव कॉम्प्युटरचं ते धूड कवेत धरून दुरुस्तीवाल्या फुजैलशी बोलत होते.

“एकच पत्रिका काढली तर गुणी बाळासारखा चालतो.”

“आणि दोन जुळवायला घेतल्या की?”

“दहा मिनिटांत बंद! मग आपोआप पुन्हा चालू.”

“काम वाढलं की तापतो. मागची जाळी मोकळी आहे ना?”

“धूळ आत जाते हो. म्हणून मखमलीची गवसणी शिवून घेतली.”

“चालवताना काढता ना?”

“छे! देवाचं काम करतो तो. उघडा कसा बसवू?”

“या अल्ला! भर मे महिन्यात गोधडी पांघरून तुम्ही धावाल?”

“मी आडवाच होईन.”

“मग त्याचंही तेच. गिऱ्हाइकांना काय सांगत होतात?”

“की या दोघांचे ग्रह यंत्रालासुद्धा सोसत नाहीत. तीन लग्नं मोडली हो!”

त्यातलं एक कुमुदताईंच्या भाचीचं, रेवाचं होतं. आठ दिवस पोरगी धड जेवली नव्हती. आपट्याची गाडी लागली, रांग धावली. कुमुदताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“अवधूतराव, मी रेवाची मावशी. चला सुकापूरला, नवऱ्या मुलाच्या घरी. त्यांच्यासमोर जुळवा. फुजैलभाई, बिघाड काय होता ते तुम्ही सांगा.”

“अहो, पण गुणच कमी निघाले तर?”

“तर काय! बिघडलेल्या यंत्राचं कोण ऐकतं?”