गोरी केलेली सुनीता

अगं, त्या साडीवाल्याचं तुला सांगितलंच न्हाई. मुंबईत मी मॉडेल होते तवा प्रत्येक फोटोत मला गोरी करायचे. त्याच रागातून मी बीडला स्वतःची एजन्सी काढली. आमची पहिली अट एकच, पोरीच्या रंगाला हात लावायचा न्हाई. साडीवाला हो म्हणाला. आमच्याकडची आष्टीची सुनीता त्याच्या जाहिरातीत उभी राहिली. फ्लेक्स लागल्यावर ती आईला हौसेनं दाखवायला घेऊन गेली. आई वर बघून म्हणाली, "ही कुणाची गं? तुझा फोटो कुठंय?" पोरगी तिथंच रडायला लागली.

मी तडक दुकानात गेले. मालक हसत म्हणतो, "ताई, कावून चिडता? फुकटात गोरी केली की! सावळ्या अंगावर आमची साडी खुलत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. दुकान बायांनी भरलेलं. मी ओरडले, "मग ह्या बसल्यात त्यांना सांगा की तसं! ह्यांच्यात गोऱ्या किती हायेत?"

पण फ्लेक्स उतरला तो माझ्या ओरडण्यानं न्हाई. एक म्हातारी हातातली साडी टाकून उठली आणि सुनेला म्हणाली, "चल गं. ह्याला आपला पैसा तेवढा गोरा दिसतो."