बोथट पात्यांची डबी

...फेकून द्या म्हणे! “पातं बोथट झालं? फेकून द्या, नवं लावा!” अहो, पण कुठे? कुठे फेकायचं? त्या दुकानदाराला काय जातंय सांगायला! काउंटरमागे उभा राहून असा गोड हसत होता, जणू मी शिकारीला नाही, लग्नाला निघालोय. “ऑरिनसाहेब, धार लावायची कटकटच संपली! हे पातं काढा, हे बसवा, की झालं!” झालं! तुम्हाला सांगतो, झालंच.

तसं बघायला गेलं तर माझ्याकडे सुरी नव्हती का? होती! लग्नात सासऱ्यांनी दिलेली, आर्विडबाबांनी, स्वतःच्या हातानं घडवलेली, एल्कच्या, त्या थोराड हरणाच्या, शिंगाची मूठ. आता आर्विडबाबा म्हणजे कोण, हे आपल्या खोऱ्यात सांगायला हवं का? शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी आठ दिवस त्यांच्या ओसरीवर रांग असते, ज्याच्या त्याच्या हातात आपापली सुरी. वय ब्याऐंशी, नजर निम्मी गेलेली, पण दगडावर सुरी चार वेळा फिरवायची अन् अंगठा धारेवर आडवा नेऊन बघायचं, हलकेच. “अजून थोडी.” परत चार वेळा. “हं. ने आता.” त्यांच्या अंगठ्याला जे कळायचं ते डॉक्टरच्या मशीनला कळणार नाही! पण मला मेली ती रांग नको होती, ते टोमणे नकोत... “काय जावईबापू, सुरीनं दगड फोडलेत का?” म्हणून घेतला तो नवा चाकू, बदलत्या पात्यांचा. नडला शहाणपणा, दुसरं काय!

बरं, कापतो का? कापतो हो! खोटं कशाला बोलू? मारलेल्या एल्कचं कातडं असं सुटत गेलं की मी एकटाच “वाहवा” म्हणालो त्या डोंगरात. पण सांध्यापाशी आलो, सवयीनं जरा पिळला, अन् टक्! टोक मोडलं. पातं कागदासारखं पातळ, ते पिळून घेतंय होय? मग ते टोक मांसात शोधत बसलो बर्फात गुडघ्यावर, सापडेपर्यंत कढत कॉफीचा बर्फ झाला. नवं पातं बसवायला गेलो तर बोटं गारठलेली, वर चरबीनं बुळबुळीत, पक्कड घरी! एका एल्कला सहा पाती लागली, सहा! अन् सहाही बोथट. आता बोथट म्हणजे कशी? एल्कच्या कातड्याला बोथट. माणसाच्या कातड्याला वस्तरा!

फेकून द्या म्हणे. कुठे?

घरच्या कचऱ्यात टाकायला गेलो तर करिन, आमची बायको, कंबरेवर हात ठेवून उभी. “कचरा उचलणाऱ्याला हात नाहीत का?” बरोबर आहे. कचराडेपोवर गेलो. तिथली ट्रूडी म्हणते, “धारदार काही टाकायचं नाही इथे.” म्हटलं, “बाई, धार गेली म्हणून तर टाकतोय!” तर म्हणते, “मग फिरवून दाखव तुझ्या गालावरून.” औषधाच्या दुकानात गेलो, तिथे इंजेक्शनच्या वापरलेल्या सुया घेतात ना परत! तो पोरगेला फार्मासिस्ट विचारतो, “पेशंट कोण?” म्हटलं, “एल्क.” “कुठाय?” म्हटलं, “फ्रीजरमध्ये!” दार दाखवलं त्यानं मला.

मग मी डोकं लढवलं. इथेच चुकलं हो, इथेच! गाडीत आर्विडबाबांची तंबाखूची एक रिकामी डबी पडली होती, ती गोल, पत्र्याच्या झाकणाची. सहाही पाती तिच्यात. झाकण घट्ट. डबी डॅशबोर्डवर. करिन म्हणाली, “तिला लाल पट्टी लाव, बाबांच्या डबीसारखीच दिसतेय.” म्हटलं, “लावतो उद्या.”

उद्या! काय लागणार होतं हो पट्टी लावायला? अर्धा मिनिट?

पुढच्या शनिवारी बाबा गाडीत बसून होते. चढ चढवत नाही आता, पण मोसमात घरी बसणंही जमत नाही. मी मागे दोर बांधतोय, ते समोर डोंगराकडे बघतायत. अन् साठ वर्षांची सवय, न बघता हात डॅशबोर्डवर, न बघता झाकण उघडलं, अन् बार भरायला चिमूट...

ओरडले पण नाहीत हो. नुसतं म्हणाले, “ऑरिन, ही तंबाखू चावते रे.”

मी पळत आलो. अंगठा हाडापर्यंत. माझा शर्ट फाडून बांधला, गाडी कशी हाकली ते मलाच माहीत नाही. अन् म्हातारा वाटेत मलाच धीर देतोय! डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण नस कापलीय, स्पर्श परत येईलसं वाटत नाही. भरली जखम. महिन्याभरानं बाबांनी एक सुरी घेतली, दगडावर चार वेळा फिरवली, अंगठा धारेवरून नेला... परत नेला... अन् सुरी खाली ठेवली.

“अंगठा बोथट झाला रे,” म्हणाले. मग हसले. “तुझ्या दुकानदाराचं काय म्हणणं? बोथट झालं की फेकून द्या? मग मला कुठे टाकताय, जावईबापू?”

मान खाली घातली. रडलो, सरळ सांगतो, लाज कसली!

कुठेच नाही टाकलं. करिननं सामानासकट घरी आणलं. आता माझ्या खुर्चीत बसतात, माझ्याच कॉफीच्या मगात तंबाखू थुंकतात, अन् ती रांग? ती आमच्या ओसरीवर! दगड माझ्या हातात, तोंड त्यांचं. “कोन बघ, कोन! लोणी लावतोयस का पावाला?” अन् धार बघायला अंगठा तर लागतोच ना? त्यांचा गेला. मग कुणाचा? माझा! चार ठिकाणी पट्ट्या आहेत, हे बघा. रोज सकाळी मी घाबरत घाबरत अंगठा धारेवर नेतो अन् म्हणतो, “बाबा, बोथट वाटतंय.”

“कोण? सुरी की तू?”

म्हणतो, “दोन्ही.” अन् परत लागतो दगडाला.