उलटा पीळ

थांबा भाऊ, चावी फिरवू नका अजून – ही तार कुणी बांधली? ही, नंबर प्लेटीची. न्हाई, प्लेट घट्ट हाय, प्लेटीचं काय न्हाई, मी तारेचं इचारतोय. बायपासच्या सर्व्हिस सेंटरला? बरं. बरं, ऱ्हाऊ द्या. बसा त्या बाकड्यावर, ऑइल सांडलंय तेवढं बघून बसा. क्लच जड लागतोय म्हन्ता – वायर कोरडी पडलीय, दुसरं काय न्हाई, अर्ध्या तासाचं काम. उद्या निघायचंय? कुठं – धबधब्याला? राजूरच्या पुढं? आनि किती गाड्या? चार. हां. आमीबी चारच हुतो.

आमी म्हंजी मी, आसाराम – तो दुधाच्या टँकरवर हाय – समर्थ, त्याचं कपड्याचं दुकान हाय मेन रोडला, आनि गोरक्ष. गोरक्ष नि मी तर साळंपास्नं एका बाकावरचे, पुढं एकाच उस्तादाच्या हाताखाली हात काळे केले. त्यानं आयटीआय केलं, मी दहावीला आपटलो, एवढाच काय तो फरक. दर वर्सी गनपती उठले का पुढच्या रविवारी आमी कोंडजाईच्या धबधब्याला जायचो, इथनं संगमनेरातनं पहाटं निघायचं, अकोल्यात मिसळ, राजूरच्या पुढं बनुबाईच्या टपरीवर चहा. अकरा वर्सं खंड न्हाई. मी कायम मागं. मला शेपूट म्हनायचे – हसा, हसायचंच हाय ते – पन शेपूट म्हंजी काय कमीपना न्हवता बरं का. पान्याची पिशवी माझ्याकडं. कुनाची चेन उतरली, कुनाचा प्लग गेला, तर मागनं कल्याण येतोयच. म्हनून तर ते पुढं बिनघोर पळायचे.

आनि आमचा एक नेम हुता. तुमीबी करा उद्या, ऐकून ठिवा. तिकडं रेंज न्हाई, मोबाईल नुसता फोटोपुरता. तर फाटा आला का पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसला का मगच हलायचं. नि थांबायला जमलंच न्हाई, तर हिरवी फांदी तोडायची आनि ज्या रस्त्यानं गेलो त्याच्या तोंडाला, दगड असंल खांब असंल, त्याला तारेनं बांधायची. नुसती ठिवली तर शेळ्या खात्यात. तारंचे तुकडे मीच द्यायचो, जुन्या क्लच वायरीचे, चौघांच्या सीटखाली. आनि ही अक्कल कुनाची? गोरक्षची. पयल्या वर्सी मी चुकलो, तीन तास फिरलो धुक्यात, तर हा माझ्या मागं येऊन मला मिठी मारून रडला हुता. म्हनला, कल्याण, आता तू कधी चुकनार न्हाई, मी फांदी बांधत जाईन. माझ्यासाठी काढल्याला नेम हाय तो, समजलं का? माझ्यासाठी.

नका, तो पत्रा नका हलवू, डबे पडतील. न्हाई, बोर्डच हाय, पालथा टाकलाय. आता बघितलाच तर वाचा – व्हय, ‘गोरक्ष-कल्याण ऑटो’. रंगवून घेतला हुता. दोघांनी मिळून मोठं गॅरेज टाकायचं, लिफ्ट बसवायची, पाऊस आला तरी काम थांबायचं न्हाई असं. आता ऑइलचे डबे मावत्यात त्याच्यावर बराबर. पालथा घाला परत.

तर गेल्या साली काय झालं – इकडं जरा बॅटरी धरा, अशी – गेल्या साली बनुबाईच्या टपरीवर चहा झाला, आमी निघालो, आठ-धा किलोमीटर गेलो असू. गोरक्ष थांबला, खिसे चाचपले, म्हनला माझा मोबाईल टपरीवर ऱ्हायला. म्हनला तुझी गाडी घाटाला चांगली, तूच जा ना, आमी फाट्यावर थांबतो. गेलो. मला काय, मी शेपूट. बनुबाई म्हनली, इथं न्हाई बा, त्या उंच पोरानं तर माझ्यासमोर खिशात घातला. आता मानसाला तिथंच कळाय पायजे का न्हाई? मला न्हाई कळलं. मी म्हनलं म्हातारीची नजर गेली. बाकड्याखाली वाकून बघितलं, चुलीमागं बघितलं, तिला उगं दोन शब्द बोललो. परत फिरलो.

फाट्यावर कुनी न्हाई. मैलाच्या दगडाला फांदी, करवंदीची, ताजी, तारेनं बांधल्याली – डाव्या रस्त्याच्या तोंडाला. आता धबधबा उजवीकडं हे मला अकरा वर्सं माहिती, डोळे झाकून जाईन. पन फांदी डावीकडं. मी म्हनलं पूल गेला असंल पावसानं, नवा रस्ता काढला असंल. माझ्या डोळ्यापरीस मला फांदी खरी. गेलो. चार वळनं उतरलो आनि रस्ता संपला, भाताच्या खाचरात. पुढं नुसती दरी. आनि मला काय वाटलं सांगू? हे तिघं खाली गेले. चिखल, धुकं, गाड्या घसरल्या नि गेले. गाडी टाकली नि उतरलो कड्याला धरून. हाका मारल्या – गोरक्षच्या नावानं जास्त. शेवाळावरनं घसरलो, हा गुडगा तवाचाच, अजून जिना चढताना बोलतो. दुपार कलली तवर मी दरी धुंडाळत हुतो मेल्याली मानसं शोधत. त्याच्या आईला जाऊन काय सांगायचं, ते बी मनात जुळवत हुतो.

क्लच दाबा जरा. सोडा. अजून एकदा.

वर आलो फाट्यावर. म्हनलं फांदी सोडावी, आपन गावात जाऊन मानसं आनू, तवर दुसरं कुनी चुकाय नको. तार धरली हातात नि बघतो तर – आपन उजव्या हातानं पक्कड फिरवतो ना, तारेला पीळ असा बसतो, घड्याळाच्या काट्यावानी. ही उलटी. चार वेढे, टोक आत दुमडल्यालं, उलटा पीळ. सगळ्या तालुक्यात असा पीळ घालनारा मला एकच मानूस ठावं, गोरक्ष डावखुरा हाय. म्हंजी वाऱ्यानं न्हाई फिरली फांदी, गुराख्यानं न्हाई फिरवली. तेवढ्यात उजवीकडनं गाड्यांचा आवाज. तिघंबी आले – डोक्यावरनं पानी निथळतंय, मागं एक पांढरी कार. कारमधी नाशिकचा मानूस. मोठ्या कंपनीचं सेंटर बायपासला काढायचं, त्याची बोलनी धबधब्यापाशी बसून झाल्ती. पैसा समर्थ लावनार, मालक म्हनून बसनार आयटीआयवाला गोरक्ष. दहावी नापासाचं तिथं काय काम?

गोरक्षनं गाडी थांबवली, माझा गुडगा बघितला, रगात बघितलं, माझी मूठ बघितली – मुठीत तार हुती. इचारतो, कुठं गेल्ता रं? भाऊ, मी काय म्हनलो असंल? मी म्हनलो, रस्ता चुकलो. चारचौघांच्या म्होरं त्याची मान खाली जाऊ नये म्हनून म्हनलो. आनि त्यानं ती मान वर ठिवली की. हसला. आसाराम म्हनला, शेपूट गळालं. तवापास्नं सगळ्या संगमनेरात तोच इनोद हाय, नाक्यावर गेलो तरी म्हनत्यात कल्याणशेठ, घर सापडंल ना? लोक म्हनत्यात फाट्यावर मारलं – मला तर खराखुरा मारला, मैलाच्या दगडाजवळ. खरं काय ते आजवर बायकूलाबी सांगितलं न्हाई. तुमाला का सांगतोय काय म्हाईत. ती तार बघितली म्हनून.

सेंटर काढलं त्याचं मला काय न्हाई. खोटं कशाला बोलू – हाय, पन ते पचलं असतं. तोंडावर म्हनला असता ना, कल्याण, तुझं-माझं जमत न्हाई आता, तर मीच हार घेऊन गेलो असतो उद्घाटनाला. मोबाईलचं खोटं बोलला, तेबी सोडलं असतं. पन फांदी? दुसरं कायबी करायचं हुतं. मला वाटंला लावायला मला वाट दाखवायची फांदीच सापडली त्याला?

झाली वायर. दाबा, आता एका बोटानं दबतोय का न्हाई. मला एक सांगा पन – तिथं बायपासला मशिनी हायेत, चकाचक पोरं हायेत. मग तुमी इकडं कसे आलात? कुनी पाठवलं? मालकानं. स्वता. म्हनला – काय म्हनला? क्लचला कल्याणसारखा हात न्हाई. असं म्हनला. आनि प्लेट हालत न्हवती तरी तार त्यानंच बांधली? निघताना? आपल्या हातानं?

असं.

न्हाई, मला काय झालं न्हाई. डोळ्यात ग्रीस गेलं. ही घ्या चावी. पैशाचं ऱ्हाऊ द्या आज. तार? सोडू नका, बसू द्या तशीच, उलट्या पिळाची हाय, सुटत न्हाई ती. उद्या फाट्यावर थांबा तेवढं, मागचा डोळ्यानं दिसंस्तवर. आनि जाताना त्यानं इचारलं, कल्याण भेटला का, तर म्हनावं, गॅरेज सापडलंच न्हाई. रस्ता चुकलो म्हनावं. एवढंच सांगा, त्याला कळंल.

जावा आता. मला शटर वढायचंय.