भाजीच्या ओट्यावरचा वर्ग

लॉकडाऊनमधली शाळा आठवली की अजून हसू येतं. घरात फोन एकच, तोही माझ्यासोबत पंचवटीच्या भाजीबाजारात. म्हणून लेकीची मनपाची शाळा माझ्या ओट्यावरच भरायची. बाईंचा आवाज स्पीकरवर, लेकीचं "एक साथ नमस्ते", भाजीवाल्यांची अख्खी रांग ऐकायची.

मी रोज फोनवर भांडायचो, "बाई, दारूची दुकानं उघडली, शाळेचंच कुलूप का निघत नाही?"

"वरून आदेश नाही, दादा."

एके दिवशी मास्क लावलेल्या एका बाईंनी विचारलं, "मेथी कशी दिली?" स्पीकरवरचा रोजचा आवाज ओळखून शेजारची कोथिंबीरवाली मावशी ताडकन उठली. पाठोपाठ सगळी रांग उभी.

"एक साथ नमस्तेऽऽ!"

बाईंनी डोळे पुसले आणि सवयीनं म्हणाल्या, "बसा खाली."

भांडायचं सोडून मीही बसलो.